काढून ठेवलेले दोन पाटे

मार्च सरत आला की अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये पिवळी धूळ पडायला लागते. सकाळी उठून पडदा सारावा तर मागच्या लाकडी डेकवरच्या खुर्च्या, टपालपेटी, शेजाऱ्यांची पांढरी गाडी आणि कुंपणावर बसलेलं त्यांचं मांजर, सगळं पिवळं झालेलं असतं. हे पाइनच्या झाडांचे परागकण. नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या वर्षी त्यांचे फोटो काढतो, दुसऱ्या वर्षी शिंकतो आणि तिसऱ्या वर्षापासून गाडी धुणं सोडून देतो. मी इथे बावीस वर्षं आहे. मी शिंकतो आणि वर कुरकुरतोही.

यंदा ही धूळ मंगळवारी आली. पल्लवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरभर फिरून खिडक्या लावून घेतल्या आणि मी गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजच्या भिंतीवर दोन मोठ्या हुकांवर दोन लोखंडी पट्ट्या टांगलेल्या असतात. सव्वादोन फूट लांब, चार बोटं रुंद, किंचित वाकलेल्या, प्रत्येकीच्या मधोमध एक भोक. त्या उतरवायच्या, जुन्या बनियनच्या बोळ्यानं तेल लावून पुसायच्या, परत टांगायच्या. गेल्या वर्षीपासून पिवळी धूळ पडली की हे काम मी करतो. का करतो ते कुणी विचारत नाही, कारण विचारणारं माणूस घरात एकच आहे आणि तिला माहीत आहे.

त्या पट्ट्या म्हणजे पाटे. ज्यांनी महामार्गाच्या कडेला आयुष्य काढलंय त्यांना पाटा सांगायला नको. आमचं घर कराडजवळ, हायवेला लागून. मालट्रक रस्त्याच्या कडेला कलंडल्यासारखा उभा, चाकामागे दगड, आणि ड्रायव्हर निवांत स्टोव्हवर चहा करतोय, हे दृश्य दर दोन दिवसांनी दिसे. काय झालं विचारलं की एकच उत्तर असे, ‘पाटा तुटला.’ ट्रकच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले हे वाकडे पाटेच सगळा भार झेलतात. किती पाटे लावायचे ते भार किती यावर ठरतं. एवढी साधी गोष्ट मला शाळेत असताना कळत होती. पुढे शिकलो, अमेरिकेत आलो, आणि नेमकी तीच विसरलो.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय काय बिघडू शकतं हे शोधायचा मला पगार मिळतो. हे काम पंचवीस वर्षं केलं की माणसाचा स्वभावच तसा होतो. हॉटेलात शिरलो की मी आधी बाहेर पडायचा दरवाजा बघतो. कुणी नवीन घर दाखवलं की मला भिंतीतली ओल दिसते. पल्लवी म्हणते, ‘तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी तिथला जिना हलवून बघशील.’ यात अतिशयोक्ती फार नाही.

तर ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या वसंताची.

आमची मुलगी केतकी तेव्हा बायॉलॉजीची पदवी घेऊन वर्षभर एका लॅबमध्ये काम करत होती. मेडिकलला जायच्या आधी सगळेच एक वर्ष थांबतात, अशी माझी समजूत, आणि ती मी न विचारता चार ठिकाणी सांगूनही बसलो होतो. जानेवारीत एका संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं, तिला नेव्हाडात सहा महिन्यांचं काम मिळालंय. वाळवंटातल्या वनस्पतींची पाहणी. तंबूत राहायचं, रोज ठरलेल्या तुकड्यातली झुडपं मोजायची, नोंदी करायच्या.

मी म्हणालो, ‘चार वर्षं शिकून झुडपं मोजायला जाणार?’

‘येस, बाबा,’ ती म्हणाली. एवढंच. आणि आमटी वाढून घेतली.

मग मी बोलत राहिलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते लिहिण्यासारखं नव्हतं. ती ऐकत होती. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागली. विचारलं की उत्तर द्यायची, ते इंग्रजीत, आणि उत्तराच्या पुढे शब्द नाही. लहानपणी रुसली की दार आपटायची. ते फार बरं होतं, असं मला तेव्हा वाटायचं. एप्रिलमध्ये ती निघणार होती, आणि अशीच सभ्यपणे निघून गेली तर काय, या विचारानं मला पहाटे जाग यायची.

तिच्याकडे एक जुना पिकअप ट्रक होता. कॉलेजात असताना घेतलेला, फोर-व्हील ड्राइव्ह, रंग मळक्या हिरव्या चटणीसारखा. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर उव्हारीच्या जंगलात ती तो दगडगोट्यांच्या वाटांवर चालवायची. ऑफ-रोडिंग. चांगले रस्ते करायला माणसानं इतके कष्ट घेतले, आणि ही पोरं पुन्हा खड्डे शोधत फिरतात, हे माझं त्यावरचं मत होतं. ट्रकचा मागचा भाग बसला होता, पाटे सपाट झाले होते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत होते. नेव्हाडात पन्नास पन्नास मैल कच्च्या वाटेनं जायचं तर सगळं सस्पेन्शन बदलायला हवं, असं तिनं ठरवलं. पुढे नव्या स्प्रिंगा, मागे नवे पाटे, चारही शॉक नवे, गाडी दोन इंच उंच. आणि हे ती आमच्याच गॅरेजमध्ये स्वतः करणार होती.

एका दुपारी लॅबमधून तिचा फोन आला. ‘बाबा, पार्ट्सचा स्टॉक संपतोय आणि मी इथे अडकलेय. लिंक पाठवलीये, प्लीज ऑर्डर टाकशील? मागचे मीडियम घे. थ्री हंड्रेड पाउंड्स.’

दोन महिन्यांत तिनं मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी लगेच बसलो. त्या फॉर्मवर विचारलं होतं, गाडीवर कायम किती वजन असेल? तीनशे पौंडांपर्यंत मध्यम, सहाशेपर्यंत जड. माझा हात तिथे थांबला. तीनशे? टेस्टरचं डोकं चालू झालं. पाणी किती लागेल? जास्तीचं चाक? दुसऱ्या कुणाची गाडी बिघडली आणि त्यांचं सामान हिला घ्यावं लागलं तर? शिवाय पल्लवी कुकर देणार, तांदूळ देणार, लोणच्याच्या बरण्या देणार. आमच्या घरातून कुणी हलकं गेल्याचं ऐकिवात नाही. पाटा मोडून ती त्या ओसाड रानात एकटी उभी आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी ‘जड’वर टिचकी मारली. तिला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, जास्तच तर घेतोय, असं मी स्वतःला समजावलं.

त्या वर्षी पिवळी धूळ लवकर, मार्चच्या मध्यालाच सुरू झाली, नेमकी खोकी आली त्या आठवड्यात. घरांच्या असोसिएशनचा नियम असा की ड्राइव्हवेवर गाडी खोलायची नाही, म्हणून ट्रक गॅरेजमध्ये घेतला. तो मावेना, तेव्हा नाक बाहेर ठेवून. तीन शनिवार-रविवार आम्ही त्याच्या खाली होतो. आम्ही म्हणजे ती, आणि मी हातात बॅटरी धरून. जुन्या बोल्टांवर गंजाचे पापुद्रे होते. ठोकलं की तोंडावर पडायचे. गंज सोडवायच्या तेलाचा तो उग्र, गोडसर वास. दारातून आत आलेली धूळ ग्रीसवर बसायची आणि आमचे दोघांचे हात कोपरापर्यंत हिरवट-पिवळे व्हायचे. मी ‘पाना’ म्हणायचो, ती ‘रेंच’. दुसऱ्या रविवारी कधीतरी तिनं हात बाहेर काढला आणि म्हणाली, ‘बाबा, तो मोठा पाना दे ना.’ मी दिला. मांजर अंगणात आलं की आपण हलत नाही, तसा गप्प राहिलो.

पल्लवी थालीपिठं स्टीलच्या ताटलीत घालून ताटली जमिनीवरून ट्रकखाली सरकवायची. हात माखलेले म्हणून केतकी तोंड उघडायची आणि मी घास भरवायचो. बावीस वर्षांची मुलगी, ट्रकखाली उताणी, डोळे त्या लोखंडावर, आणि घास चावता चावता मला सांगतेय की कुठला बोल्ट कशासाठी. मी इतका सुखात कधी होतो मला आठवत नाही. त्या सुखातही एक खडा टोचत होता, कारण ते पाटे आम्ही बसवत होतो आणि ते कुठले आहेत हे मला एकट्याला ठाऊक होतं. खोक्यावरचं लेबल मी आधीच फाडून टाकलं होतं.

एकदा ती चहा घ्यायला आत गेली असताना मी पाट्यांच्या दोन्ही टोकांचे बोल्ट जोर लावून आवळून टाकले. सैल काही ठेवायचं नाही हा माझा खाक्या. ती आली, तिनं पाना लावून बघितलं आणि सगळे पुन्हा ढिले केले.

‘गाडी अजून हवेत आहे, बाबा. आत्ता टाइट केलं तर आतलं रबर पिळलेलं राहतं. चाकं खाली टेकू दे, तिचं वजन तिच्यावर येऊ दे. मग आवळायचं.’

‘तोवर सैल?’

‘तोवर सैल.’

ते तासभर सैल बोल्ट बघणं मला किती जड गेलं, काय सांगू!

एप्रिल उजाडला, उव्हारीच्या वाटा थंडीनंतर खुल्या झाल्या आणि तिनं मला विचारलं, ‘टेस्ट ड्राइव्हला येतोस?’ टेस्टरला याहून मोठा मान तो काय! आम्ही दोघं निघालो. दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूला डॉगवुडची पांढरी फुलं, काचेवर पिवळा थर. तिनं गाणी लावली, मग बंद करून आपणहून बोलायला लागली: नेव्हाडात एक इवलंसं रोप आहे, पाऊस झाला नाही तर सात-आठ वर्षं बी होऊन मातीत पडून राहतं, आणि पाऊस झाला की एका आठवड्यात फुलतं. ‘ते त्या वर्षी आलं की नाही, हे कुणीतरी बघायला हवं ना, बाबा?’ हवं, मी म्हणालो. आणि मला ते खरंच वाटलं.

जंगलातली वाट सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला गाडीचं मागचं अंग उड्या मारायला लागलं. पुढची चाकं दगडावरून अलगद उतरायची आणि मागची धाडकन आपटायची. माझं डोकं दोनदा छताला लागलं. तिनं गाडी थांबवली. खाली उतरून मागच्या बंपरवर उभी राहिली, उड्या मारून पाहिल्या. पाटे ढिम्म हलले नाहीत. मग ती खाली वाकली, पाट्याच्या कडेचा छापलेला नंबर अंगठ्यानं पुसून वाचला आणि फोनवर काहीतरी पाहिलं.

‘हे हेवी आहेत,’ ती म्हणाली. ‘त्यांनी चुकीचे पाठवले.’

बस, इथे मी गप्प राहू शकलो असतो. सगळं दुकानदारावर ढकलून मोकळा झालो असतो. पण तिच्या हातावरच्या ग्रीसकडे पाहिलं आणि मला ते जमलं नाही.

‘त्यांनी नाही. मी मागवले.’

ती वळली. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं.

‘बाबा, मी तुला नंबर दिला होता. दोन आठवडे एकेक वस्तू काट्यावर ठेवून काढला होता मी तो. टेंट, स्टोव्ह, पाणी, टूल्स, आईचा कुकरसुद्धा. काटा तुझाच. इंडियाला जाताना बॅगा कशा तोलायच्या ते तूच शिकवलंस ना मला? आधी आपण उभं राहायचं, मग बॅग घेऊन उभं राहायचं, मग वजाबाकी.’

‘हो.’

‘मग माझ्या नंबरवर तुझा विश्वास का नाही बसला?’

आजूबाजूला कुणीच नव्हतं. पाइनवरून धूळ उडत होती, उन्हात दिसत होती. मी म्हणालो, ‘तुझ्यावर होता. त्या वाळवंटावर नव्हता.’ हे अर्धंच खरं होतं, म्हणून पुढचंही बोललो. ‘नाही, तुझ्यावरही नव्हता. मी जानेवारीपासून चुकतोय, केतकी. मला भीती वाटते आणि मी तिला अक्कल समजतो.’

ती गाडीत जाऊन बसली. परत येताना गाणी लावली नाहीत. रिकामा ट्रक हायवेवरच्या प्रत्येक सांध्यावर टणकन उडत होता आणि प्रत्येक उडीला मी मनातल्या मनात माफी मागत होतो.

घरी पल्लवीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. माझं बाहेर काही चुकलं की ती आधी माझी बाजू घेते आणि मग घरात हजेरी घेते. त्या दिवशी पहिली पायरी गाळली. ‘तिच्या पाठीवर काय आणि किती द्यायचं हे तू तिला न विचारता ठरवलंस,’ ती म्हणाली. ‘आणि वर, तो नंबर तिला दिसला नसता तर तिला वाटलं असतं, आपल्यालाच गाडी चालवता येत नाही.’ मला हे सुचलंच नव्हतं. अति तेथे माती म्हणतात, पण माती झाली ती भलत्याच ठिकाणी.

निघायला पाच दिवस होते. वापरलेले पाटे परत जाणार नव्हते, नवे वेळेत येणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर गॅरेजमधून ठोकाठोकीचा आवाज. केतकी ट्रकखाली होती. मला पाहून तिनं बॅटरी पुढे केली.

‘धर. पॅकमधला सगळ्यात खालचा पाटा काढता येतो. दोन्ही बाजूचा एकेक काढला की साधारण तीनशेला बसतं.’

मी बॅटरी धरली. पाट्यांची चळत शिकंज्यात आवळायची, मधला बोल्ट सोडायचा, शिकंजा हळूहळू सैल करायचा. घाई केली तर लोखंड उसळून तोंडावर येतं. आम्ही घाई केली नाही. पहिला पाटा सुटून हातात आला तेव्हा तिनं तो माझ्याकडे दिला. बारा पौंडांचा असेल, पण मला दोन हातांनी धरावा लागला. मग दुसरा. मग चाकं जमिनीवर टेकवली, गाडी आपल्या उंचीला बसली, आणि तिनं पाना माझ्या हातात ठेवला. ‘आता आवळ,’ ती म्हणाली. मी आवळले, ती सांगेल तेवढेच.

पाडव्याला डेकवर गुढी उभारली. रेशमी खणावर दोन तासांत पिवळा थर बसला आणि पल्लवी म्हणाली, यंदा हळद वेगळी लावायला नको. साखरेची माळ केतकीनं ट्रकच्या आरशाला बांधली. (नेव्हाडात पहिल्याच आठवड्यात मुंग्यांनी ती संपवली, असं नंतर कळलं.) तिसऱ्या दिवशी ती निघाली. मी सामान ठेवायला मदत केली, पण काही वाढवलं नाही. पल्लवीनं लोणच्याची दुसरी बरणी आणली तेव्हा मीच ती आत नेऊन ठेवली. निघताना केतकीनं मला मिठी मारली आणि माझ्या शर्टावर तिच्या पंजाचा पिवळा ठसा उठला. तो शर्ट मी धुतला, उगाच भावुक व्हायला नको म्हणून. पाटे मात्र भिंतीवर टांगले.

ती सहा महिन्यांसाठी गेली होती. दोन वर्षं झाली. आता तिथेच पक्की नोकरी आहे. दर रविवारी फोन येतो, मराठीत सुरू होतो, मध्ये इंग्रजीत जातो, पुन्हा मराठीत येतो. ट्रकची चौकशी मी करतो. ती म्हणते, ‘मस्त चालतोय, यार बाबा.’ ड्राइव्हवेवर त्या ट्रकच्या तेलाचा एक डाग उरलाय. असोसिएशननं तो काढायला सांगितलं होतं. मी एकदा घासल्यासारखं केलं आणि सोडून दिलं.

परवाच्या रविवारी फोनवर ती म्हणाली, ‘बाबा, ते दोन पाटे आहेत ना अजून? की टाकलेस?’

‘आहेत,’ मी म्हणालो. मंगळवारी तेल लावल्याचं सांगितलं नाही.

‘मला लागतील. मी आता नुसतं मोजत नाहीये. आगीत जळालेल्या पट्ट्यात रोपं लावतोय आम्ही. ट्रकवर पाण्याची टाकी बसवली, प्लस रोपांचे ट्रे. मागून गाडी बसायला लागलीये.’

‘कायमचं किती वजन?’ मी विचारलं.

‘सिक्स हंड्रेड. काट्यावर करून सांगतेय.’

‘बरं. पाठवतो लगेच.’

‘पाठवू नकोस, घेऊन ये. आईलाही आण. पॅक उघडताना बॅटरी कोण धरणार?’

काल पाटे उतरवून जुन्या चादरीत गुंडाळले आणि मोठ्या बॅगेत तिरके ठेवले. मग काट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, नंतर बॅग घेऊन, आणि वजाबाकी केली. पन्नास पौंडांची मुभा, त्यात पाट्यांसकट अर्धी भरली. उरलेल्यात भाजणी, मेतकूट आणि दोन वर्षांपूर्वी आत नेऊन ठेवलेल्या त्या बरणीची नवी बहीण. विमानतळावर बॅग उघडून ही लोखंडं बघतील तेव्हा काय म्हणतील, याची पल्लवीला चिंता आहे. मला, आश्चर्य म्हणजे, नाही.

बॅगेची चेन लावता लावता ती हसली. ‘म्हणजे शेवटी सहाशेच निघाले की. तू आधीच तसे मागवले होतेस.’

मी काट्यावरून खाली उतरलो.

‘नाही,’ मी म्हणालो, ‘तेव्हा तीनशेच होते.’